घर, अंगण आणि प्रभाग

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘कुटुंबमूल्ये आणि महापालिका’ असा विषय आपण मला दिला आहे. निमंत्रणपत्रिका पाहून माझ्या एका मित्राने विचारले, ‘‘या दोहोंचा संबंध काय? घरातले प्रश्न घरात सुटतात आणि महापालिकेचे गटारात बुडतात.’’ त्यांचा हा विनोद केवळ हसून सोडून देण्याजोगा नाही, कारण बहुसंख्य सुशिक्षित मतदारांची समजूत अशीच आहे. कुटुंब हा संस्कारांचा विषय, तो आजीच्या मांडीवर आणि देवघरासमोर शिकायचा. महापालिका हा रस्ते, पाणी, कचरा आणि टक्केवारी यांचा विषय. परिणामी निवडणूक आली की उमेदवाराच्या पत्रकात वरच्या बाजूस संस्कृती आणि संस्कार यांवर दोन ओळी असतात, खालच्या बाजूस काँक्रीटच्या रस्त्यांची छायाचित्रे असतात आणि या दोहोंमध्ये एकही दुवा नसतो. वाचणाराही तो शोधत नाही.

मागील महापालिका निवडणुकीच्या प्रचारात मात्र एक वेगळे पत्रक माझ्या हाती आले. उमेदवार भगिनी प्रथमच निवडणूक लढवीत होत्या. व्यवसायाने शिक्षिका, वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांच्या फलकांवर पतीचे छायाचित्र नव्हते, ही गोष्ट प्रथम नजरेत भरली. २०११ साली महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, परंतु अजूनही अनेक प्रभागांत नगरसेविकेचे नाव एक आणि दूरध्वनी घेणारा आवाज दुसराच, असा प्रकार चालतो. कुटुंबाचे गुणगान करणाऱ्यांनी स्वतःच्या घरात पत्नीच्या खुर्चीवर आपण बसावे, याइतकी विसंगती दुसरी नाही. असो.

त्या भगिनी निवडून आल्या की नाही, हे मी सांगणार नाही. ते कळले की आपण यशाच्या किंवा अपयशाच्या चष्म्यातून त्यांचे विचार पाहू लागाल. मला त्यांचे विचार तपासायचे आहेत, त्यांच्या मतांची बेरीज नव्हे. पत्रक एकाच पानाचे होते आणि त्याचा सारा रोख कुटुंबावर होता. जन्मदात्यांना सोबत ठेवणाऱ्या घरांना घरपट्टीत सवलत, संध्याकाळी ठरावीक वेळ दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी बंद, प्रभागातील दारूच्या दुकानांना विरोध, महिला-बालकल्याणाच्या निधीतून पाळणाघर आणि ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र. एका कोपरा सभेनंतर मी त्यांच्याशी तासभर बोललो. काही बाबतींत आमचे एकमत झाले, काही बाबतींत झाले नाही. आजचे माझे विवेचन त्या तासाभरातूनच उगवलेले आहे.

प्रथम घरपट्टीच्या सवलतीविषयी, कारण सभेत टाळ्या त्यालाच पडल्या होत्या.

कल्पना मोहक आहे. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते; त्या वेळी देशाची सरासरी ८.६ टक्के होती. म्हणजे आपला प्रांत देशापेक्षा लवकर वृद्ध होत आहे. त्याच जनगणनेत राज्याची ४५ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या शहरी होती. वाढते वार्धक्य आणि लहान होत जाणारी सदनिका यांची गाठ शहरातच पडते. अशा वेळी आईवडिलांना सांभाळणाऱ्या घराचा महापालिकेने गौरव केला, तर बिघडले कोठे?

मी त्यांना विचारले, ‘‘ताई, आपल्या प्रभागात एकट्या राहणाऱ्या वृद्धा किती असतील?’’ त्यांनी मनाशी मोजदाद केली. एका गल्लीत चार, दुसरीत सहा. मग मी म्हणालो, ‘‘ज्या मातेला मुलाने सोडले, तिला आपण पूर्ण घरपट्टी लावणार, आणि ज्याने सोडले नाही, त्याला सवलत देणार. मुळात ज्याच्या घरात आईच्या हातचे जेवण आणि नातवंडांना आजीची सोबत आहे, तो आधीच भाग्यवान. सवलतीची गरज कोणाला?’’ त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘पण चांगल्याला चांगले म्हणायचेच नाही का?’’ त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता.

तरीही व्यवहाराची अडचण उरतेच. सोबत राहणे आणि सांभाळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिधापत्रिकेवर आईचे नाव असते आणि आई मागच्या खोलीत औषधाविना पडलेली असते, अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मायेची पडताळणी करणारा कर निरीक्षक अजून जन्माला यायचा आहे. शिवाय करातील सवलत ही नगरसेवकाच्या इच्छेवर चालणारी गोष्ट नव्हे. पुण्याचेच उदाहरण घ्या. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत १९७०च्या ठरावाने सुरू झाली. पुढे त्यावर आक्षेप निघाले, सवलत गेली, हजारो मध्यमवर्गीयांच्या दारात फरकाची बिले आली आणि अखेर २०२३ मध्ये राज्य शासनाने लक्ष घातल्यावर ती पुन्हा लागू झाली. दशकानुदशके चालत आलेल्या सवलतीची ही कथा, तर नव्या सवलतीचे आश्वासन कोपरा सभेत देताना जीभ थोडी जड व्हायला हवी.

मग स्थानिक संस्थेने या विषयात काहीच करू नये काय? लातूर जिल्हा परिषदेने एक वेगळा मार्ग दाखविला आहे. २०२० साली तेथे ठराव झाला की, जे कर्मचारी आपल्या वृद्ध आईवडिलांना सांभाळत नाहीत, त्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून ती आईवडिलांच्या खात्यावर जमा करावी. २०२१च्या आरंभी काही कर्मचाऱ्यांवर तशी कारवाई झालीही. त्यांत शिक्षक होते, हे वाचून मन विषण्ण झाले. परंतु या ठरावाचे मर्म नीट लक्षात घ्या. जिल्हा परिषदेने जिल्ह्यातील तमाम नागरिकांच्या घरात डोकावण्याचा अधिकार सांगितला नाही. आपण ज्याला वेतन देतो, त्याच्यापुरता तिने शब्द टाकला. आपल्या हाती खरोखर काय आहे, हे ओळखून तिने पाऊल उचलले. आमच्या भगिनींना मी म्हणालो, महापालिकेचेही हजारो कर्मचारी आहेत. आरंभ तेथून करा.

आणखी एक साधन तर आधीच तयार आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ साली संसदेने केला आणि २००९ पासून तो महाराष्ट्रात लागू आहे. त्याखाली न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जाने दाद मागता येते. मूळ कायद्यात महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देववण्याची तरतूद आहे. त्यातील तेविसावे कलम तर प्रत्येक कुटुंबवत्सल कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मुलाच्या नावे घर करून दिले आणि त्याने सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द ठरविता येतो. किती नगरसेवकांना हे ठाऊक असेल? वृद्ध माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. स्वतःच्याच मुलाची तक्रार घेऊन तेथे कसे जायचे, ही लाज त्याला अडविते. तो जातो ओळखीच्या माणसाकडे, आणि प्रभागात ओळखीचा माणूस म्हणजे नगरसेवक. त्या क्षणी नगरसेवकाने मुलाला समजावयाचे, न जमल्यास अर्ज लिहून द्यायचा. महापालिकेच्या तिजोरीतून एक पैसाही न घालता जे घडू शकते, ते हे.

आता त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो. संध्याकाळचा भोंगा.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. करोनाच्या काळात शाळा बंद होत्या, शिक्षण भ्रमणध्वनीवर आले आणि शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून ते यंत्र सुटेना. तेव्हा २०२२च्या ऑगस्टमध्ये गावाने ठरविले की, रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि त्यानंतर दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी बंद राहतील. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचन करावे किंवा एकमेकांशी बोलावे. आरंभी चेष्टा झाली. दिवेलागणीला शुभं करोति म्हणणारे घर आता भोंग्याची वाट पाहणार, असे टोमणे कोणीही मारील. पण गावातील स्त्रियांनी हा विषय उचलून धरला. मालिकांत आपणही गुंतून पडलो होतो, असे त्यांनीच सांगितले. पुढे अनेक गावांनी या प्रयोगाची दखल घेतली.

शहरात हे होईल का? आमच्या भगिनींचा विश्वास होता की होईल. मला शंका आहे, आणि ती शंका लोकांच्या चांगुलपणाविषयी नाही. संध्याकाळी सात वाजता शहरातले निम्मे पालक लोकलमध्ये, बसमध्ये किंवा दुकानाच्या गल्ल्यावर असतात. भोंगा वाजेल तेव्हा घरात मूल असेल आणि भ्रमणध्वनी असेल. बोलायला आई नसेल. वडगावात ठराव यशस्वी झाला, त्यामागे एकमेकांना ओळखणारी घरे होती. कोणाच्या खिडकीत निळा उजेड दिसतो, हे पाहणारा शेजार होता आणि त्या शेजाऱ्याचे बोलणे मनावर घेणारा गृहस्थ होता. आपल्या सोसायट्यांत समोरच्या दारावरील नावाची पाटी वाचल्याशिवाय आडनाव आठवत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी एक ठराव केला. आईबहिणींवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड. आपल्या समाजात मातृदेवतेचे पूजन होते आणि रस्त्यावरची प्रत्येक शिवी आईवरूनच निघते. या विसंगतीवर एका छोट्या गावाने बोट ठेवले. हा दंड न्यायालयात किती टिकेल, याची चर्चा वकील करोत. माझ्या दृष्टीने त्या दंडाचे बळ पावतीपुस्तकात नाही. चार लोकांसमोर आपले नाव वाचले जाईल, ही लाज हेच त्याचे बळ. लाज वाटायला मात्र चार लोक लागतात.

ही उदाहरणे गावांची आहेत, शहरांची नाहीत. कौटुंबिक मूल्यांविषयी जे काही धाडसी निर्णय अलीकडे स्थानिक संस्थांनी घेतले, ते बहुतांशी ग्रामपंचायतींनी घेतले. वाचनालये, नाट्यगृहे, महाविद्यालये असलेली शहरे मागे का राहिली? याचे उत्तर देण्यापूर्वी मला सर्वांत मोठ्या उदाहरणाविषयी बोलायचे आहे. ते मी मुद्दाम राखून ठेवले होते.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाड हे गाव. मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या त्या दिवसांत, तेथील ग्रामसभेने ठराव केला की, पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा आमच्या गावात बंद करण्यात येत आहेत. करोनाने तरुण घरे उद्ध्वस्त केली होती. तिशीतल्या मुलींच्या बांगड्या फुटताना गाव पाहत होते. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचा आदर्श घेण्यास सांगितले.

बंधू-भगिनींनो, कुटुंबमूल्य हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. जे जुने ते मूल्य, असा त्याचा अर्थ करणे सोपे असते. पण पतीच्या मृत्यूच्या दिवशी, तिचे दुःख अजून ओले असताना, घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांनीच तिच्या हातातील काकणे दगडावर फोडायची, यात मूल्य कोणते? कुटुंबाने जिला त्या घटकेस जवळ घ्यायचे, तिलाच ते सर्वांदेखत अशुभ ठरविते. आपल्या परंपरेने गृहस्थाश्रमाला इतर आश्रमांचा आधार मानले. निराधाराला जो आधार देत नाही, तो आश्रम कसला? हेरवाडने प्रथा मोडली आणि त्यायोगे कुटुंब जपले. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली स्वतः पुनर्विवाह करून समाजाचा बहिष्कार सोसला, त्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगण्याचे कारण पडू नये; पडते, हे दुर्दैव.

त्या भगिनींच्या पत्रकात या विषयावर एक शब्दही नव्हता. प्रत्यक्षात मात्र त्यांनी प्रचारात जो हळदीकुंकवाचा समारंभ ठेवला, त्याला पती गमावलेल्या स्त्रियांनाही नावानिशी आमंत्रण होते. काही जणी आल्या, दाराशी घुटमळल्या, मागच्या रांगेत बसल्या. कुंकवाची कुयरी त्यांच्यापर्यंत पोहोचली तेव्हा एकीने कपाळ मागे घेतले. दुसरीने घेतले नाही. पुढे बसलेल्या दोन-तीन सुवासिनी कुजबुजत उठून गेल्या, म्हणजे तेवढी मतेही उठून गेली. निवडणुकीच्या धामधुमीत असा समारंभ म्हणजे वाणाच्या निमित्ताने स्टीलचे डबे वाटण्याची सोय, असे माझे मत होते आणि सामान्यतः आहेही. येथे डबे नव्हते, तिळगूळ होता. ‘‘हे पत्रकात का नाही?’’ असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘छापले असते तर घोषणा झाली असती.’’ त्यांच्या बाकी साऱ्या पत्रकापेक्षा हा न छापलेला मुद्दा मला मोलाचा वाटला.

दारूच्या दुकानांविषयी थोडक्यात बोलतो. परवाना देणारा विभाग राज्य शासनाचा, महापालिकेचा नव्हे. म्हणून ‘मी दुकाने बंद करीन’ असे म्हणणारा उमेदवार एकतर अजाण असतो किंवा धूर्त. पण मार्ग आहे. उभी बाटली, आडवी बाटली या नावाने महाराष्ट्राला परिचित झालेली मतदानाची पद्धत केवळ गावांपुरती नाही. प्रभागातील स्त्रियांनी ठरावीक प्रमाणात निवेदन दिले की, सह्यांची पडताळणी होऊन मतदान घेता येते. सह्या गोळा करणे, पडताळणीच्या दिवशी त्या भगिनींना कचेरीत उभे करणे, दुकानदाराच्या धमक्यांना पुरून उरणे, हे काम नगरसेवकाचे. आणि या कामाला थोर परंपरा आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून त्यास विरोध केला. या दुकानांनी कुटुंबे धुळीस मिळतात, हाच त्यांचा मुद्दा होता. त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेने पैसा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते सरकारनियुक्त सदस्य होते, हे येथे ध्यानात ठेवावे. ज्यांनी नेमले त्यांच्याच पाहुण्याच्या कमानींना विरोध करणे सोपे नव्हते. आजच्या स्वागतकमानी पाहिल्या की मला जोतीरावांची आठवण होते.

उरला पाळणाघराचा आणि विरंगुळा केंद्राचा मुद्दा. येथे मी त्या भगिनींच्या पूर्ण पाठीशी आहे. अंदाजपत्रकातील किमान ५ टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखावी, असा शासनाचा दंडक आहे. तो निधी वर्षानुवर्षे कशावर खर्च होतो? शिलाई यंत्रे, मेंदीचे वर्ग, सहली आणि समारंभ. शिलाई यंत्राला मी नावे ठेवीत नाही; त्यावर कित्येक माउल्यांनी मुले शिकविली. पण आज धुणीभांडी करणारी, रुग्णालयात रात्रपाळी करणारी, दुकानात आठ तास उभी राहणारी आई आपले तीन वर्षांचे मूल ठेवते कोठे? शेजारच्या सात वर्षांच्या मुलीजवळ. म्हणजे एक बालपण सांभाळण्यासाठी दुसरे बालपण खर्ची पडते. महापालिकेच्या किती शाळा पटसंख्येअभावी ओस पडल्या आहेत! त्या इमारतींच्या एका खोलीत पाळणाघर, दुसरीत ज्येष्ठांचे विरंगुळा केंद्र. आजोबा आणि नातवंडे एका घरात राहिनाशी झाली; एका आवारात तरी राहतील. येथे आईवडिलांपाशी न राहणाराही येईल, भाडेकरूही येईल, मूल नसलेले वृद्ध जोडपेही येईल. घरपट्टीच्या सवलतीपेक्षा हा विचार मोठ्या मनाचा आहे, असे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. सवलतीचे कलम मात्र पत्रकातून काढले नाही. पत्रके छापून झाली होती.

मैदानांचा उल्लेख त्यांच्या पत्रकात नव्हता, तो मी माझ्या वतीने जोडतो. मुलाच्या हातातला भ्रमणध्वनी काढून घेतला, तर त्याने जायचे कोठे? विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी, बागेसाठी जागा राखीव असतात. परंतु १९६६च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातील १२७वे कलम असे की, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही, तर आरक्षण रद्दबातल होते. अशी नोटीस महापालिकेच्या कचेरीत येते, टेबलावरून टेबलावर फिरते, मुदत संपते आणि एके दिवशी मैदानाच्या जागी इमारतीचा पाया दिसतो. कोणी दरोडा घातलेला नसतो. सारे कायदेशीर असते. केवळ त्या प्रभागाचा नगरसेवक वेळेवर जागा नसतो. कुटुंबमूल्यांवर बोलणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला माझी विनंती आहे की, भाषणापूर्वी नगररचना विभागात जाऊन आपल्या प्रभागातील आरक्षणांची यादी आणावी.

आता मघाचा प्रश्न. गावांना जे साधले ते शहरांना का साधत नाही?

हेरवाडचा ठराव कोठे झाला? ग्रामसभेत. वडगावचा निर्णय गावाच्या सभेत झाला. गावात मतदाराला वर्षातून अनेकदा एकत्र बसून हात वर करण्याचा अधिकार आहे. शहरातील मतदार पाच वर्षांतून एकदा बटण दाबतो आणि घरी जातो. बरे, तेही पाच वर्षांनी घडतेच असे नाही. २०२२ साली मुदत संपलेल्या आपल्या कित्येक महापालिकांत तीन वर्षांहून अधिक काळ एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. कारभार प्रशासकांकडे होता आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. त्यातून मुंबई वगळता इतरत्र बहुसदस्यीय प्रभागांची रीत. प्रभाग एवढा विस्तीर्ण की, चार नगरसेवकांपैकी नेमका आपला कोणता, हे गृहिणीला ठाऊक नसते आणि चौघांनाही ते सोयीचे असते.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, महापालिकांना घटनेत स्थान मिळाले. प्रभाग समित्यांची तरतूद झाली. पण तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरातील प्रभाग समितीत सामान्य माणूस बसत नाही. त्यासाठी महाराष्ट्राने २००९ साली कायद्यात आणखी एक तरतूद केली, ती म्हणजे क्षेत्रसभेची. गावात ग्रामसभा, तशी शहरात मतदारांची क्षेत्रसभा. कायदा पुस्तकात आहे. आपल्यापैकी किती जण क्षेत्रसभेला उपस्थित राहिले आहेत? हात वर करा. मला एकही हात दिसत नाही, आणि या सभागृहात शहरातील सर्वांत जागरूक नागरिक बसले आहेत.

कुटुंब प्रबोधनाचे काम आपल्यातील अनेक जण निष्ठेने करीत आहेत. आठवड्यातून एकदा घरातल्या सर्वांनी एकत्र जेवावे, बोलावे, हा आग्रह योग्यच आहे. पण घराच्या उंबरठ्याबाहेर अंगण असते. दहा घरे एकत्र बसल्याशिवाय हेरवाडसारखा ठराव होत नाही, आडव्या बाटलीला मत पडत नाही, पाळणाघराची खोली मिळत नाही. त्या भगिनींना मी शेवटी एवढेच विचारले, ‘‘आपण निवडून आलात तर क्षेत्रसभा घ्याल का?’’ त्यांनी प्रांजळपणे सांगितले की, हा शब्द त्या प्रथमच ऐकत आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा दूरध्वनी आला. कायद्याची प्रत कोठे मिळेल, असे त्या विचारीत होत्या.

येथे जमलेल्यांपैकी काही जण नगरसेवक आहेत, काही पुढे होतील. त्यांना एक व्यावहारिक सूचना करतो. पहिली क्षेत्रसभा रविवारी सकाळी दहाला ठेवू नका. त्या वेळी पुरुष मोकळे असतात आणि स्त्रिया स्वयंपाकघरात. संध्याकाळी पाचला ठेवा, महापालिकेच्या शाळेतच ठेवा, खुर्च्यांची रांग पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत अशा तळमजल्यावर लावा आणि लहान मुलांना खेळायला शेजारची खोली उघडी ठेवा. समोर प्रभागाचा नकाशा टांगा, त्यावर राखीव जागा रंगवून दाखवा, महिला-बालकल्याणाच्या निधीचा गेल्या तीन वर्षांचा हिशेब वाचा आणि मग मागच्या रांगेत बसलेल्या आजींना प्रथम बोलू द्या.